इशारा कुणाच्या पत्त्यावर? पाळण्याचा ट्रक आणि ‘रिकॉल’चा इतिहास

या मालेत आपण यंत्रांचा इतिहास पाहतो. शोध लावणाऱ्यांपेक्षा ती यंत्रं रोज वापरणाऱ्या माणसांच्या बाजूनं. आजचं यंत्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे. रस्त्यावरचा दिवा बंद पडला, तारांवर आलेल्या फांद्या तोडायच्या झाल्या, की एक ट्रक येतो. ट्रकच्या पाठीवर घडी घालून ठेवलेला लांब हात, त्या हाताच्या टोकाला पाळणा, आणि पाळण्यात एक माणूस. कुणी त्याला बकेटची गाडी म्हणतं, कुणी स्कायलिफ्ट, कुणी नुसतंच ‘शिडीची गाडी’. त्या लांब हाताला कारागिरांच्या भाषेत ‘बूम’ म्हणतात.

आजचा प्रश्न साधा आहे. या यंत्रात कारखान्यातूनच दोष आला असेल आणि तो नंतर लक्षात आला, तर ते कुणाला कळवायचं? ‘कंपनीनं गाड्या परत मागवल्या’ अशी बातमी आपण वाचतो, त्यालाच ‘रिकॉल’ म्हणतात. त्याचा कायदा अमेरिकेत १९६६ साली झाला आणि पाळण्याचा ट्रकही तिथेच वाढला. म्हणून आजची गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आहे. आपल्याकडे शेवटी येऊ.

चेरीच्या बागेतून विजेच्या खांबावर

या यंत्राला इंग्रजीत अजूनही ‘चेरी पिकर’ म्हणतात, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही. कॅलिफोर्नियातल्या जे आयटेल या माणसानं १९४४च्या सुमारास, शिडीवर चढउतार करत चेरी तोडण्याचा वैताग आल्यावर, माणसालाच उचलून फांदीपाशी नेणारं यंत्र बनवलं. १९५३मध्ये त्यानं ‘टेल्स्टा’ नावाची कंपनी काढली. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या फळबागांतही थॉर्न्टन-ट्रम्प या संशोधकानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला असाच हायड्रॉलिक हात तयार केला. पण यंत्राला खरं गिऱ्हाईक मिळालं ते बागायतदारांपेक्षा वीज आणि टेलिफोन कंपन्यांचं.

त्याआधीचा लाइनमन खांबावर कसा चढायचा? पायाला लोखंडी आकडे, कमरेला पट्टा, तो पट्टा खांबाभोवती. चढण्याआधी तो लाकडी खांबावर हातोडी मारून आवाज ऐकायचा. आतून कुजलेला खांब वेगळा वाजतो. म्हणजे आपण ज्याच्यावर जीव टाकणार आहोत ते तपासायचं साधन त्याच्या हातात होतं.

पाळणा आला आणि काम सोपं झालं, श्रम वाचले, वेळ वाचला, यात वादच नाही. पण एक गोष्ट बदलली. आता माणसाचा जीव टांगला गेला तो कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात, कुणीतरी केलेल्या वेल्डिंगवर. पाळणा सरळ राहावा म्हणून हाताच्या आतून समतोल साधणारी साखळी किंवा दांडे जातात. ते तुटले तर पाळणा कलंडतो. सिलिंडरवर एक झडप असते. तेलाची नळी फुटली तरी हात धाडकन खाली येऊ नये हे तिचं काम. बूमचा वरचा भाग फायबरग्लासचा, कारण जिवंत तारेजवळ काम करताना तो वीज खाली जाऊ देत नाही. बूम ज्या तबकडीवर फिरतो ती बोल्टांनी ट्रकला जखडलेली असते. यातलं काय हातोडी मारून कळेल? वेल्डमधली बारीक भेग डोळ्यांना दिसत नाही. ती शोधायला चुंबकीय चाचणी लागते, ध्वनिलहरींची चाचणी लागते. खांबाची परीक्षा लाइनमन स्वतः करत होता. बूमच्या अशा दोषासाठी त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं.

१९६६ : ‘रास्त इशारा’

आता मोटारींकडे वळू. १९६५मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. त्यातलं शेवरोले कॉर्वेअरचं प्रकरण सगळ्यांना आठवतं. पण आपल्या विषयासाठी दुसरी एक गोष्ट महत्त्वाची आहे. गाडीत दोष सापडला की कंपनी गुपचूप वितरकांना कळवायची. गाडी सर्व्हिसिंगला आली तर तेवढं दुरुस्त करून द्यायचं, मालकाला सांगायचं नाही. १९५३च्या ब्यूक गाड्यांच्या ब्रेकबाबत असंच झाल्याचं नेडरनी दाखवून दिलं. थोडक्यात, दोषाची माहिती होती, पण ती चुकीच्या माणसाकडे होती.

मिनेसोटाचे सिनेटर वॉल्टर मॉन्डेल, जे पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले, यांनी यावर एक तरतूद पुढे रेटली. तिचं नाव फार बोलकं होतं : ‘फेअर वॉर्निंग’. आपण त्याला ‘रास्त इशारा’ म्हणू. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मोटारसुरक्षेच्या कायद्यावर सही केली, त्यात ही तरतूद होती. सुरक्षेशी संबंधित दोष कळला की निर्मात्यानं गाडीच्या पहिल्या खरेदीदाराला सर्टिफाइड टपालानं कळवायचं. गाडी पुढे विकली गेली असेल आणि तिची वॉरंटी नव्या मालकाकडे गेली असेल, तर त्यालाही.

इथे थोडं थांबू. या नियमाच्या डोळ्यासमोर कोण आहे? एक कुटुंब, एक मोटार. पत्र घरी येतं, घरातलाच माणूस गाडी चालवतो. ज्याला पत्र आलं आणि ज्याचा जीव धोक्यात आहे, ते दोघं एकच, किंवा निदान एकाच छपराखाली राहणारे. खाजगी मोटारीसाठी ही रचना चोख आहे. तिला नावं ठेवण्याचं कारण नाही.

उभा ट्रक ‘वाहन’ असतो का?

पण पाळण्याच्या ट्रकला हा कायदा लागू होतो का? अपघात होतो तेव्हा ट्रक उभा असतो. जॅक खाली टेकवलेले असतात, चाकं हलत नाहीत. हे मग वाहतुकीचं सोडून यंत्राचं प्रकरण झालं, असं कुणी म्हणू शकेल.

या प्रश्नाचं उत्तर १९६६च्या कायद्यातल्या व्याख्येत आहे. मोटारवाहनाच्या सुरक्षेची व्याख्या करताना संसदेनं शेवटी काही शब्द जोडले. अर्थ असा की वाहन चालू नसतानाची सुरक्षाही यात धरली जाईल. या एका शेपटामुळे उभ्या ट्रकच्या दोषालाही दार उघडं राहिलं. दुसरी कसोटी अशी की यंत्र मुख्यतः सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी बनवलेलं हवं. एका कामावरून दुसऱ्या कामावर रस्त्यानं ये-जा करणारा ट्रक त्यात बसतो. बांधकामाच्या जागी महिनोन्‌महिने राहणारी, स्वतःच्या छोट्या चाकांवर सरकणारी लिफ्ट साधारणपणे बसत नाही. दोन्हींच्या टोकाला पाळणाच, माणूसही तेवढ्याच उंचीवर. पण एकाच्या दोषासाठी रिकॉलचा कायदा आहे, दुसऱ्यासाठी नाही.

बरं, ट्रक कायद्यात बसला. मग निर्माता कोण? इंजिन, चाकं, केबिन असलेली चासी एका कंपनीची. तीवर बूम आणि बॉडी चढवणारी कंपनी वेगळी. अमेरिकी नियम याला टप्प्याटप्प्यानं तयार होणारं वाहन म्हणतात आणि शेवटचा टप्पा पूर्ण करणाऱ्यावर प्रमाणपत्राची जबाबदारी टाकतात. दोषाची सूचना यातल्या एका निर्मात्यानं दिली तर ती सगळ्यांनी दिली असं धरलं जातं. कागदावर हे सुटसुटीत आहे. पण व्यवहारात एकाच ट्रकसाठी ब्रेकचं पत्र एका कंपनीकडून येतं आणि बूमचं दुसरीकडून.

त्यातच कंपन्या विकल्या जातात. साउथ डकोटातल्या वॉटरटाउनची टेलेलेक्ट ही या धंद्यातली नावाजलेली कंपनी. ती ब्रिटनच्या सायमन समूहाकडे गेली आणि १९९७मध्ये तिथून टेरेक्सकडे आली. अशा वेळी बूमवरची पाटी जुन्या नावाची राहते आणि पत्र पाठवणारा नवीन असतो. पत्र मिळालं तरी ते आपल्याच यंत्राबद्दल आहे हे गोदामातल्या माणसाला उमगायला हवं ना?

फुकट दुरुस्ती आणि ट्रकचं वय

१९६६च्या कायद्यात एक मोठी फट होती. कळवायचं बंधन होतं, दुरुस्त करून देण्याचं नव्हतं. जनरल मोटर्सनं १९७१च्या अखेरीस इंजिनाच्या माउंटिंगसाठी सुमारे ६७ लाख शेवरोले गाड्या परत बोलावल्या आणि काम स्वतःच्या खर्चानं केलं. पण त्याच सुमारास लाखो कॉर्वेअर गाड्यांच्या हीटरमधून विषारी धूर आत येऊ शकतो असं मालकांना कळवलं गेलं, तेव्हा दुरुस्तीचा खर्च मालकांच्याच गळ्यात पडला. इशारा रास्त होता, पण पुढचा खर्च ज्याचा त्यानं पाहायचा.

१९७४च्या दुरुस्तीनं ही फट बुजवली. दुरुस्ती फुकट करून देणं बंधनकारक झालं आणि पत्र नोंदणीकृत मालकाला जाऊ लागलं. मात्र फुकट दुरुस्तीला मुदत होती : पहिल्या विक्रीपासून ८ वर्षं. फायरस्टोन टायरांच्या प्रकरणानंतर २०००च्या कायद्यानं ती १० वर्षं केली, आणि डिसेंबर २०१५च्या कायद्यानं १५ वर्षं.

आता ही मुदत पाळण्याच्या ट्रकला लावून बघा. मोठी वीज कंपनी नवा ट्रक घेते, काही वर्षं वापरते, मग लिलावात काढते. तिथून तो छोट्या ठेकेदाराकडे जातो, पुढे झाडं छाटणाऱ्या एखाद्या माणसाकडे. यंत्र म्हातारं होत जातं तसा मालक लहान होत जातो. मोठ्या कंपनीकडे देखभालीचा स्वतंत्र विभाग असतो, यंत्राची फाइल असते. शेवटच्या मालकाकडे बहुतेक वेळा दोन-तीन कामगार आणि एक मोबाइल एवढंच असतं. धातूचा थकवा वर्षांगणिक वाढतो, आणि वेल्डमध्ये भेग पडण्याची भीती सर्वांत जास्त असते नेमक्या त्या काळात फुकट दुरुस्तीचा हक्क संपत आलेला असतो.

२०१५च्या त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आली. २००४मध्ये कॅलिफोर्नियात दोन बहिणी भाड्याच्या मोटारीत गेल्या. त्या गाडीचा रिकॉल निघालेला होता, पण दुरुस्ती न करताच ती भाड्यानं दिली होती. त्यांच्या आईनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि अखेर कायदा झाला : रिकॉल बाकी असलेली गाडी भाड्यानं द्यायची नाही. फार चांगला कायदा. पण तो लागू होतो मालासह कमाल वजन १०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण साडेचार टनांपर्यंत असलेल्या गाड्यांना. तारांवर काम करणारे पाळण्याचे बहुतेक ट्रक याहून जड असतात.

तीच गोष्ट इंटरनेटवरच्या शोधाची. २०१४पासून अमेरिकेत सतरा अक्षरी चासी नंबर टाकला की त्या गाडीचा रिकॉल बाकी आहे का ते कळतं. पण ही माहिती देण्याचं बंधन वर्षाला २५,००० किंवा अधिक हलकी वाहनं, किंवा ५,००० किंवा अधिक मोटारसायकली बनवणाऱ्यांना आहे. बूम चढवणारे कारखाने या हिशेबात येतच नाहीत.

यामागे कुणाचा कट आहे असं आम्ही म्हणत नाही. प्रत्येक सुधारणा प्रामाणिक होती आणि प्रत्येकीनं जीव वाचवले असणार. पण प्रत्येक वेळी कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर घरची मोटार होती.

पाळण्यातल्या माणसासाठी काय आहे?

त्याच्यासाठी दुसरी वाट आहे, कामगार सुरक्षेची. १९६९मध्ये ट्रकवरच्या अशा यंत्रांसाठी अमेरिकेचं राष्ट्रीय मानक आलं, ए ९२.२. डिसेंबर १९७०मध्ये कामगार सुरक्षेचा कायदा झाला आणि त्याखालच्या नियमांनी हे मानक उचललं. त्या नियमांतल्या काही ओळी वाचल्या की लिहिणाऱ्यांनी काम जवळून पाहिलं होतं हे जाणवतं. बूमची कळ रोज, काम सुरू करण्याआधी तपासायची. पाळण्याच्या काठावर बसायचं नाही, चढायचं नाही. पट्टा बूमला किंवा पाळण्याला बांधायचा, शेजारच्या खांबाला नाही. खाली उभ्या माणसाकडेही कळा हव्यात. पण आणीबाणी सोडून, वरच्याची परवानगी घेतल्याशिवाय खालच्यानं त्यांना हात लावायचा नाही.

मानकाच्या पुढच्या आवृत्त्यांनी मालकांवरही जबाबदारी टाकली. निर्मात्याची सुरक्षा-पत्रकं पाळा, आणि ट्रक विकला तर नवा मालक कोण ते निर्मात्याला कळवा. पण सरकारी नियमात मूळ संदर्भ आजही १९६९च्या आवृत्तीचाच आहे. आणि मुख्य म्हणजे, इथेही पत्र जातं ते मालकाला.

मालकाला पत्र पाठवण्यामागचा युक्तिवाद दुबळा नाही. ट्रक बाजूला उभा करण्याचा अधिकार मालकाचा, दुरुस्तीला नेण्याचा अधिकारही त्याचाच. कामगार आज इथे, उद्या तिथे. निर्मात्यानं त्याला शोधायचं कुठे? हे सगळं खरं आहे. पण कामगाराच्या हातात एक गोष्ट असते, जी मालकाच्या हातात नसते. तो वर चढायला नाही म्हणू शकतो.

इथे एक खटला सांगायलाच हवा. ओहायो राज्यातल्या मॅरियन गावी व्हर्लपूल कंपनीचा घरगुती उपकरणांचा कारखाना होता. छताखाली, जमिनीपासून सुमारे २० फुटांवर, तारेची जाळी ताणलेली होती. वरच्या साखळीवरून पडणाऱ्या वस्तू तीत अडकायच्या आणि कामगारांना त्या जाळीवर जाऊन त्या काढाव्या लागायच्या. जून १९७४मध्ये एक कामगार जाळीतून खाली पडून मेला. दोन आठवड्यांच्या आत दोघा कामगारांना पुन्हा त्याच जाळीवर जायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. त्यांना घरी पाठवलं, सहा तासांचा पगार कापला आणि लेखी ताकीद दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९८०मध्ये न्यायालयानं एकमतानं निर्णय दिला : मृत्यूची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती असेल आणि दुसरा मार्ग उरला नसेल, तर काम नाकारणाऱ्याला शिक्षा करता येणार नाही.

यातला ‘वाजवी भीती’ हा शब्द लक्षात घ्या. त्या दोघांना भीती वाजवी का वाटली? त्यांना माहीत होतं म्हणून. जाळी समोर दिसत होती, सहकारी नुकताच गेला होता. आता पाळण्यातला माणूस घ्या. वेल्डमधली भेग त्याला दिसत नाही. तिच्याबद्दलचं पत्र कार्यालयाच्या टपालात पडलेलं आहे. नाकारण्याचा हक्क त्यालाही तेवढाच आहे, सर्वोच्च न्यायालयानं दिलेला आहे. पण जे माहीतच नाही ते नाकारायचं कसं? माहिती पोहोचली नाही तर तो हक्क कागदावरच राहतो.

आपल्याकडे

आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या संघटनेनं २०१२मध्ये रिकॉलची ऐच्छिक संहिता आणली. कायद्यात तरतूद आली ती २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीनं, कलम ११० अ म्हणून, आणि ती १ एप्रिल २०२१पासून लागू झाली. सरकारला आता दोषपूर्ण वाहनं परत मागवायला लावता येतात. ही सोय ७ वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांसाठी आहे. दोष कुणाला अपायकारक असावा हे सांगताना कलमात पर्यावरण, चालक, वाहनातले प्रवासी आणि रस्ता वापरणारे इतर लोक यांचा उल्लेख आहे. पाळण्यातल्या माणसाला यात कुठे बसवायचं? तो चालक नाही. प्रवासी म्हणावं तर तो वाहनाच्या वर आहे. रस्ता वापरणारा म्हणावं तर तो रस्त्यावर नाही, तारांपाशी आहे. चांगला वकील त्याला यात बसवेलही. पण ते काम अपघातानंतर वकिलानं करण्यापेक्षा आधीच नियमात स्पष्ट झालेलं बरं.

आपल्याकडेही चासी एकाची, बूम दुसऱ्याचा, ट्रक पालिकेचा किंवा ठेकेदाराचा, आणि वर चढणारा बऱ्याचदा ठेकेदाराच्याही ठेकेदाराचा माणूस. म्हणजे पत्र आणि पाळणा यांच्यामधलं अंतर अमेरिकेपेक्षा एखाद्या पायरीनं जास्तच.

मग करायचं काय? उत्तर फार मोठं नाही, खर्चिक तर मुळीच नाही. अमेरिकेतल्या वीज कंपन्यांत काम सुरू करण्याआधी सगळी टोळी ट्रकच्या मागच्या फळीपाशी जमते आणि आज काय धोके आहेत ते बोलून घेते. त्यांच्या नियमांनीही अशी बैठक सक्तीची केली आहे. या यंत्राबद्दल एखादं रिकॉलचं किंवा सुरक्षेचं पत्र बाकी आहे का, हा एक प्रश्न त्या बैठकीत घालता येतो. पत्राची एक प्रत खालच्या कळांपाशी, बूमच्या नंबराच्या पाटीशेजारी चिकटवता येते, दुरुस्ती होईपर्यंत. निविदा काढताना पालिका ठेकेदाराला विचारू शकते : यंत्राचा नंबर सांगा, निर्मात्याला तुमचा पत्ता कळवल्याची पोच दाखवा. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायला नको.

१९६६मध्ये मॉन्डेल यांनी जो ‘रास्त इशारा’ मागितला तो अगदी साधा होता : ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला सांगा. मोटारीच्या बाबतीत तो पत्ता घराचा होता. या ट्रकच्या बाबतीत तो ट्रकच्या मागच्या फळीपाशी आहे, रोज सकाळी, टोळी जमते तिथे.

आम्ही इथे थांबतो. तुमच्यापैकी कुणी वीज मंडळात किंवा पालिकेच्या विद्युत विभागात काम केलं असेल, तर प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांनीच करावी अशी विनंती.